आमच्या आडनावाचं टार्टन

मागच्या भागात म्हटलं होतं, किल्टची गोष्ट सांगतो.

मी एडिनबराला नोकरी करतो. मित्राच्या लग्नात किल्ट नेसायचा होता, पण दुसऱ्याच्या घराण्याच्या चौकटी भाड्याने आणायचं जिवावर आलं. मग म्हटलं, आपलं टार्टन आपणच डिझाइन करू. बाबा फोनवर म्हणाले, "अरे, आपण कुठले स्कॉटिश?"

बोलणं लागलं. पण वाचल्यावर कळलं, तिथल्या कित्येक घराण्यांची 'प्राचीन' टार्टन १८४२ च्या एका बनावट पुस्तकातून आलीत! मग माझी भीड चेपली.

टार्टन म्हणजे थ्रेडकाउंट. काळे धागे २४, पांढरे ४, काळे २४, लाल ६, की तिथून उलटं फिरायचं. उभ्या धाग्यांत जो क्रम, तोच आडव्यांत. अगदी लूप! मी हौसेने सहा रंग टाकले. पण दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे मिश्र छटा तयार होते. सहाच्या झाल्या २१. लांबून नुसता चिखल. (हसतो)

शेवटी तीनच ठेवले. आजोबांच्या घोंगडीचा काळा-पांढरा आणि आजीच्या इरकलीच्या पदराचा लाल. छटा सहाच. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये नोंदवायचं तर नक्षी आधीच्यांपेक्षा वेगळी लागते, तीही होती.

अर्ज करण्याआधी बाबांना फोटो पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं, "काळा कमी पडलाय. घोंगडी जास्त काळी होती."

२४ चे ३२ केलेत. अर्ज उद्या पाठवतो.