रुमालाखालचा भाव



भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वाणी ही या चारांपैकी केवळ एक. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव शब्दांची वाट पाहत नाहीत. म्हणूनच घरी परतलेल्या मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा उतरलेला चेहरा आईला सारे सांगून जातो.

व्यवहारातही ही मूक भाषा चालते. महाराष्ट्रातील गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत जुनी आहे. भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. परंतु शेतमालाचा सौदा आडत्या आणि खरेदीदार यांच्यात असा झाला, तर ज्याचा माल, तो शेतकरीच अंधारात राहतो. बाजार समित्यांच्या नियमांत उघड लिलावाला महत्त्व आहे ते यासाठीच.

रुमाल आकडा झाकतो; शेतकऱ्याचा चेहरा मात्र उघडाच असतो. भाव कानी पडताच त्यावर उमटलेली निराशा आडत्याला वाचता येत नाही, असे नाही. वाचूनही न वाचल्यासारखे करणे, हा खरा दोष. व्यवहारातील सचोटीचा आरंभ तो चेहरा वाचण्यापासून व्हावा.