शरीरातील मिठाचा हिशेब



दावणीच्या गाईपुढे मिठाचा खडा ठेवला की ती किती आवडीने चाटते, हे आपण पाहिलेच आहे. जनावर काय नि माणूस काय, मीठ नुसत्या चवीसाठी लागत नाही. मिठातले सोडियम रक्तातील पाणी धरून ठेवते. डाळी, केळी यांतून मिळणारे पोटॅशियम स्नायूंचे व हृदयाचे काम नीट चालवते. या दोन्ही क्षारांचा हिशेब शरीरात रोज जुळावा लागतो. तो कोण ठेवतो, हे आज पाहू.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. ती अधिवृक्क ग्रंथी. १८५५ साली लंडनचे डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथी बिघडलेल्या रोग्यांचे वर्णन केले. रोगी थकत जाई, कातडी काळवंडे आणि शेवटी तो दगावे. काहींच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. अशा रोग्याचे सोडियम लघवीवाटे वाहून जाते आणि पोटॅशियम रक्तात साचते, हे पुढे कळले. सोडियम राखणारा या ग्रंथीचा रस, अल्डोस्टेरोन, १९५३ साली वेगळा काढण्यात आला.

आता दुसरी ग्रंथी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, असते. ती इतर ग्रंथींवर हुकूम चालवते, म्हणून तिला मुकादम म्हणायला हरकत नाही. अधिवृक्काला ती एसीटीएच नावाचा रस धाडते. मग मिठाचा हिशेबही हाच मुकादम पाहत असेल, असे कुणालाही वाटेल. पण तसे नाही!

उंदराची पोषग्रंथी काढली तर त्याच्या अधिवृक्काचे कवच रोडावते. मात्र या कवचाचा अगदी बाहेरचा थर बराचसा शाबूत राहतो, आणि अल्डोस्टेरोन तयार होते ते नेमके याच थरात. एसीटीएचने त्याला जोर मिळतो, पण तो थोडे दिवस टिकणारा. या थराला खरी वर्दी देते ते मूत्रपिंड. रक्ताचा दाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडते आणि त्यातून पुढे अल्डोस्टेरोन वाढते. रक्तात पोटॅशियम वाढले, तरीही हा थर जागा होतो. पाटाला पाणी कमी पडले की शेतकरी मामलेदाराकडे जात नाही, सरळ पाटकऱ्याला गाठतो. तसेच हे.

याचा आपल्या घराशी काय संबंध? फार जवळचा आहे. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर गरोदरपणात वाढलेल्या पोषग्रंथीला रक्त अपुरे पडते आणि ती कायमची निकामी होऊ शकते. ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली हे वर्णन केले. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थंडी सोसत नाही, सदा थकवा असतो. कातडी काळवंडत नाही, उलट फिकट दिसते. पोटॅशियम साचत नाही, कारण बाहेरचा थर मूत्रपिंडाच्या वर्दीवर चालूच असतो. म्हणून ती वर्षानुवर्षे उठत-बसत राहते आणि घरचे म्हणतात, “बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू.”

पण संकटात तग धरायला लागणारा अधिवृक्काचा दुसरा रस, कॉर्टिसॉल, मुकादमाच्या हुकुमाशिवाय पुरेसा तयार होत नाही. मग ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेचे निमित्त होते, रक्तदाब एकाएकी उतरतो आणि जिवावर बेतते. हे टाळता येते. रक्त तपासून निदान होते आणि रोजच्या गोळ्यांनी ती बाई चांगले आयुष्य जगू शकते. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करायच्या नाहीत.

शिक्षकबंधुभगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. अशी एखादी माउली दिसली तर तिच्या घरच्यांना एवढेच विचारा : “बाळंतपणात रक्त फार गेले होते का? दूध आले होते का?” आणि डॉक्टरांकडे गेल्यावर हीच हकीकत आधी सांगायला लावा. कित्येकदा रोगाची किल्ली त्या जुन्या हकिकतीतच असते.