नागरिकत्व : नोंद आणि निष्ठा

(मंचर येथील भाषणाचा गोषवारा)



सातबारावर वारसनोंद होईपर्यंत शेतकऱ्याच्या जिवाला स्वस्थता नसते. मग पाकिस्तानातून येऊन वर्षानुवर्षे व्हिसाच्या मुदतवाढीवर जगणाऱ्या सिंधी हिंदू बांधवांची मनःस्थिती काय असेल? २०१९च्या दुरुस्तीने, ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या अशा विस्थापितांसाठी अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणली. नियम मात्र मार्च २०२४मध्ये निघाले.

नागरिकत्व स्वीकारताना हे बांधव राज्यघटनेशी निष्ठेची, कायदे पाळण्याची आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घेतात. आपल्याला नागरिकत्व जन्मतःच लाभले. ही शपथ आपण कधी उच्चारलीच नाही. आज ती मनोमन घेऊ या, आणि अर्ज भरताना अडलेल्या बांधवाला साहाय्य करून तिचे पालन सुरू करू या.