कानाला दडे बसले तर...



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण आमच्या वर्कशॉपमध्ये आणि मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ एक गोष्ट सारखीच घडते : कानाला दडे बसतात.

मळ साचला किंवा सर्दीने नाकामागून कानाकडे जाणारी नळी बुजली, तर आवाज वाटेतच अडतो. उपचाराने वाट मोकळी होते. गोंगाटाने मात्र आतल्या कानातल्या नाजूक पेशी दुखावतात. सकाळपर्यंत नीट ऐकू आले, तरी तो इशारा समजावा. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. निवासी भागात दिवसाची मर्यादा २००० सालच्या नियमांनुसार ५५ डेसिबल आहे. म्हणून वादकांनी इअरप्लग घालावेत, मुलांना स्पीकरपासून दूर ठेवावे.

कानात काडी, पिन, गरम तेल घालू नये. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी सवाई मानसिंग रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. विसर्जन होईपर्यंत थांबू नका!

गणपती बाप्पा मोरया!