तारेवरचा आकडा



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहायचे म्हणजे छातीत थोडी धडधड होतेच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे आमचे विद्यापीठ म्हणजे मार्केटातली पोत्यांची थप्पी, आणि ग्रंथालय म्हणजे त्याच थप्पीवर बसून वाचलेली वर्तमानपत्रे व कायद्याची पुस्तके. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो, तेही मोठेपणाने नव्हे. कामगारांच्या संघटनेत सारे आयुष्य घातलेल्या माणसाच्या तोंडी 'मी' बसत नाही. 'मी' म्हणणारा मालकापुढे एकटा पडतो, एवढेच त्यातले इंगित.

संयोजकांनी विषय सुचवला तो 'ऊर्जा आणि ग्राहकधर्म'. वणीच्या चैत्रातल्या उकाड्यात एवढे जड नाव कोणाला सोसावे? आम्ही म्हटले, आपण आकड्यावर बोलू. मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. एक आकडा विजेच्या बिलावर असतो, दुसरा मटक्याचा, आणि तिसरा तारेचा वाकवलेला, लाइनवर टाकायचा. पहिला पाहून माणूस ओरडतो, दुसरा लागत नाही म्हणून रडतो, आणि तिसरा टाकून खुशाल झोपी जातो. आज बोलायचे आहे ते या तिसऱ्याबद्दल. पण त्याचा पहिल्याशी जवळचा संबंध आहे.

आमच्या गावाची खरी लोकसभा चहाच्या टपरीवर भरते, हे तुम्हांला सांगायला नको. तेथे या प्रश्नावर तीन पक्ष आहेत. आमच्या गल्लीतले तात्या म्हणतात, "एवढी वीज तारेतून वाहू राहिली, आपल्या एका बल्बाने काय समुद्र आटतो काय?" दुसऱ्या पक्षाचे भाऊ म्हणतात, "बडे लोक कोटींनी खाऊ राहिले, त्यांना कोणी पुसत नाही, अन् गरिबाच्या आकड्यावर मात्र धाड." तिसरा पक्ष समोरच्या मावशींचा. त्या बिल भरून येतात आणि म्हणतात, "भरणाराच मूर्ख ठरतो, बाबा." तिन्ही पक्षांशी आमचे संबंध शेजारधर्माचे आहेत, तेव्हा तिघांनाही उत्तर देणे भाग आहे.

आधी तात्या. एक बल्ब म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. आता हा हिशोब आम्ही हमालाच्या भाषेत मांडतो. पन्नास किलोचे पोते दोन मीटर उंच थप्पीवर चढवायला जेवढी शक्ती लागते, तेवढ्या शक्तीची साडेतीन हजारांहून अधिक पोती एका युनिटात चढतात. हमालाने स्वतःचे अंग वर नेले ते यात धरलेलेच नाही. धडधाकट माणूस आठ तास राबला तर त्याचे काम अर्ध्या-पाऊण युनिटाच्या आसपास भरते. म्हणजे ज्या युनिटाला आपण एका चहाच्या पैशांच्या आसपास मोजतो, त्यात एका माणसाच्या दीड दिवसाचा घाम आहे! वीज स्वस्त आहे की घाम स्वस्त आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा; पण तिला कस्पटासमान मात्र कोणी मानू नये. जुना साठ वॅटचा दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला, तर उजेड जवळपास तेवढाच पडतो. म्हणजे पूर्वी सातांतले सहा हमाल आपण नुसते उभे करून ठेवले होते.

आता भाऊंचे म्हणणे. ते खोटे नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प 1999 साली वीज देऊ लागला. त्या विजेचा दर आपल्या वीजमंडळाला झेपेना, 2001 साली प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द एन्रॉनचेच दिवाळे वाजले. हाही एक आकडाच होता, आणि तो साऱ्या महाराष्ट्राच्या तारेवर टाकलेला होता. पण भाऊ, असल्या आकड्याशी लढायचे कोणी? महाराष्ट्रात 1999 सालापासून वीज नियामक आयोग आहे. दर ठरवताना तो जाहीर सुनावणी घेतो आणि तेथे कोणाही साध्या ग्राहकाला उभे राहून हरकत घेता येते. ज्याच्या घरावर आकडा लोंबतो आहे, तो तेथे कोणत्या तोंडाने उभा राहणार? बड्या चोराला धाकट्या चोराइतका सोयीचा साक्षीदार दुसरा नाही. तो गप्प बसतो.

येथवर आम्ही शहाणपण सांगितले. आता आमची फजिती सांगतो, कारण खरा धडा तिच्यात आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कंत्राटी कामगारांची एक सभा घेतली होती. रात्रीची वेळ, मोकळे मैदान. दिव्याची सोय काय करायची? एका उत्साही कार्यकर्त्याने बांबूला तार बांधली आणि लाइनवर आकडा टाकला. मोठा हॅलोजन लखकन पेटला. त्याच्या उजेडात आम्ही तासभर शोषणावर बोललो. दुसऱ्याच्या श्रमावर जगणाऱ्यांना आम्ही जळू म्हणालो, बांडगूळ म्हणालो. टाळ्याही पुष्कळ पडल्या. सभा संपल्यावर पुढच्या रांगेतला एक पोरगा जवळ आला. तो कंत्राटी वायरमन होता, आमच्याच संघटनेचा सभासद. हळूच म्हणाला, "भाऊ, भाषण झकास झालं. पण हा आकडा काढायला उद्या खांबावर मलाच चढायचं आहे."

बंधूंनो, त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला चहाला बोलावले आणि त्याचे काम काय असते ते नीट विचारून घेतले. तोवर पगार, भविष्यनिर्वाह निधी, कंत्राटदार यांवर आम्ही त्याच्यासाठी भांडत होतो. पण तो वर चढतो तेव्हा काय होते, हे कधी विचारले नव्हते.

त्याने सांगितले ते असे. लाइनवर काम करायचे तर सबस्टेशनातून परमिट घेऊन ती बंद करायची, वीज नाही याची खात्री करायची, तार अर्थिंग करायची आणि मगच हात लावायचा. हे नियम झाले. पण लाइन बंद होताच गावात काय होते? कोणाचा जनरेटर सुरू होतो. मध्ये चेंजओव्हर स्विच बसवलेला नसला, तर त्या जनरेटरची वीज घरातून उलटी तारेत शिरते आणि डीपीत पोचते. जी डीपी अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देते, तीच उलट्या बाजूने वीज आली की ती पुन्हा चढवून अकरा हजारांवर नेते. खांबावरच्या माणसाला वाटते, लाइन मेली आहे. लाइन मेलेली नसते. आकड्याचेही तसेच. बंद लाइनीवरच्या घराने दुसऱ्या चालू लाइनीवर आकडा टाकलेला असला, की तोच खेळ.

तात्यांच्या एका बल्बाने समुद्र आटत नाही, हे कबूल. पण त्या एका तारेने एका घरातला कर्ता मुलगा जाऊ शकतो. चोरीचा माल कोणाच्या खिशातून गेला एवढेच आम्ही पाहत होतो. तो कोणाच्या जिवावर आला, हे पाहिलेच नव्हते. तेव्हापासून आमच्या सभेला दिवा लागतो तो मीटरचा, नाहीतर सभा दिवसा होते. भाषणेही त्यामुळे आखूड झाली, हा श्रोत्यांचा फायदा.

आता मळ्याकडे वळू, कारण वणी-दिंडोरीचा संसार द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्यावर चालतो. एप्रिलची खरड छाटणी झाली, बागेला पाणी हवे, आणि नेमकी अशा वेळी डीपी जळते. सगळे म्हणतात, कंपनीने फसवले. कधी ते खरे असते. पण डीपी जळते कशी, हेही पाहू या. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. आता प्रत्येक मोटरीला ऑटोस्विच बसवलेला. वीज आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी धावतात. अरुंद दारातून सारी यात्रा एकदम घुसावी तसे होते. त्यात कपॅसिटर काढून ठेवलेले, म्हणजे तेवढ्याच पाण्यासाठी करंट आणखी जास्त. वर दोन-चार आकडे. बिचारी डीपी किती सोसणार? एकाचीही बाग तेवढ्याने वाचत नाही, सगळ्यांची वाळते.

पण शेतकऱ्याला नुसता दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ऑटोस्विच हौसेने बसत नाही. वीज आळीपाळीने दिवसा नि रात्री येते. रात्री दोनला उठून विहिरीवर जायचे, वाटेत साप, उसात बिबट्या. ज्याला लेकरेबाळे आहेत तो ऑटोस्विच बसवणारच. म्हणून दिवसा वीज मागणे ही चैन नव्हे, जिवाची मागणी आहे. सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने 2017 साली आणली आणि 2023 साली वाढवली, ती याच मागणीपोटी. ती आपल्या शिवारात पुरती उतरेपर्यंत मागणी लावून धरली पाहिजे. त्याचबरोबर 2024 सालापासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. तात्या म्हणतात, "फुकट आहे, चालू दे." फुकट काही नसते, तात्या. पैसे कोणीतरी भरतोच, आणि विहिरीचे पाणी तर कोणीच भरून देत नाही.

मग उपाय काय? उपायासाठी फार दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात बागलाणात आणि पलीकडे धुळ्यात मोसम, पांझरा अशा नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधारा गावकऱ्यांनी राखायचा, पाटाचे पाणी पाळीने द्यायचे, आणि पाळी ठरवायला पाटकरी नेमायचा. पाटकऱ्याच्या शब्दापुढे मोठा बागायतदार आणि लहान शेतकरी सारखेच. पाणी चोरणे हा तेथे सरकारचा गुन्हा नव्हता, शेजाऱ्याचा गुन्हा होता. आमच्या मते फरक सारा येथेच आहे. आकडा टाकणाऱ्याला वाटते आपण सरकारला, कंपनीला फसवतो. सरकार दिसत नाही, म्हणून लाज वाटत नाही. पण डीपी म्हणजे एक बंधाराच आहे. तिच्यावरचे पंधरा-वीस जण एका फडातले शेतकरी आहेत. त्यांनी एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसावे आणि मोटरींची पाळी ठरवावी. ऑटोस्विचला वेळ लावून ठेवता येते. पहिला दोन मिनिटांनी, दुसरा चार मिनिटांनी, असे क्रमाने सुरू करावेत. प्रत्येकाने कपॅसिटर बसवावा. याला ना मोर्चा लागतो, ना मंत्री.

आता मावशींना उत्तर देऊन पुरे करतो. मावशी, भरणारा मूर्ख नसतो. त्याच्या हातात पावती असते, आणि पावती हे गरिबाचे हत्यार आहे. बिल चुकले, जोडणी मुदतीत मिळाली नाही, तर 2003 सालच्या वीज कायद्याखाली तक्रारीसाठी मंच आहे. भरपाईचीही तरतूद आहे. आकडेवाल्याला त्याच कायद्याचे 135 वे कलम तेवढे लागू पडते. सण-उत्सवाला, मांडवाला तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवावा. छपरावर सौर पॅनल घेणाराने लाइन गेल्याबरोबर आपोआप बंद पडणारा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बसला आहे ना, ते पाहून घ्यावे. त्या खांबावर कोणीतरी चढलेला असतो.

गडावरच्या आईच्या दर्शनाला जाताना आपण वाटेतल्या माणसाला आधी वाट देतो, पाणी देतो. ही आपली रीत आहे. तारेच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसालाही तेवढेच द्या, एवढेच आमचे मागणे. बाकी टपरीवरची लोकसभा उद्या सकाळी भरेलच, आणि तेथे तात्या आम्हांला चांगले झाडतील याची खात्री आहे. त्यांच्या घरावरचा आकडा आजच रात्री उतरला, तर झाडून घ्यायला आमची हरकत नाही. चहाचे पैसेही आम्हीच देऊ.