दोष डोळ्यांचा की ताऱ्याचा?

श्रोतेहो, आमच्या दारावरची घंटा वाजली की निम्म्या वेळा बाहेर कुणीतरी बिघडलेली वस्तू हातात घेऊन उभे असते. कुणाची इस्त्री तापत नाही, कुणाच्या मिक्सरमधून जळका वास येतो, तर कुणाचे भिंतीवरचे घड्याळ दर दिवशी दहा मिनिटे मागे पडते. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. एका कारखान्यात दाबमापक, तापमापक असली मोजमापाची यंत्रे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो, पण हाताची खाज काही निवृत्त झाली नाही. पावसाळ्यात गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, मोबाईल फोनमधल्या गतिमापकाने झोक्याचे हेलकावे नोंदायचे, भंगारातल्या भिंगांतून दुर्बीण जमवायची, असे माझे दिवस जातात. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा शेजारपाजारची वीसएक मंडळी आमच्याच बैठकीत दाटीवाटीने बसली होती. मला प्रश्न विचारता यावेत म्हणून ती आली, असे मी समजतो. चहा चांगला मिळतो म्हणून आली, असे आमच्या घरातून सांगितले जाते.

या सगळ्या उद्योगांत माझा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उद्योग म्हणजे ताऱ्यांचे तेज नोंदणे. त्यातलीच एक हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. तीत माझी थोडी फजिती आहे. पण त्या फजितीतून जे शिकलो ते नोकरीतल्या सगळ्या वर्षांत शिकलो नव्हतो.

तारे स्थिर तेजाने प्रकाशतात अशी आपली समजूत असते. पुष्कळ तारे तसे नाहीत. काहींचे तेज काही तासांत, काहींचे महिन्या-महिन्यांनी कमीजास्त होते. यांना रूपविकारी तारे म्हणतात. ताऱ्याचे तेज आपण ‘प्रती’त सांगतो, आणि ही मोजणी उलटी आहे. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पट फरक. जगभर हजारो हौशी माणसे असे अंदाज नोंदतात. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या संघटनेकडे अशा कोट्यवधी नोंदी जमल्या आहेत, आणि व्यावसायिक ज्योतिर्विद त्या वापरतात.

या कामात आपल्या उपखंडातला एक माणूस फार मोठा होऊन गेला. त्याचे नाव राधागोविंद चंद्र. हा जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरीला होता. जेसोर आज बांगलादेशात आहे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हे गृहस्थ पुन्हा पुन्हा नापास झाले. पण १९१८ साली गरुड नक्षत्रात नवतारा उजळला तेव्हा तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखला. पुढे त्यांनी अमेरिकेला ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. दिवसा खजिना आणि रात्री आकाश! त्यांचे काम पाहून १९२६ साली त्या संघटनेने त्यांना सहा इंचांहून थोडी मोठी दुर्बीण वापरायला पाठवली. तीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. मी नोंदवहीला हात घालतो तेव्हा या खजिन्यातल्या माणसाची आठवण ठेवतो. म्हणून पुढची गोष्ट सांगताना मला अधिकच ओशाळे वाटते.

थंडीच्या दिवसांत रात्री पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येते. चार खुरांचा चौकोन, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ही गोष्ट ऐकली असेल. त्या चौकोनातला तांबूस तारा म्हणजे काक्षी. आर्द्रेचा तारा म्हणतात तो हाच. हा तारा एवढा अवाढव्य आहे, की आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर तो मंगळाच्या कक्षेच्याही पलीकडे पसरेल. त्याचे तेज बदलते हे १८३६ साली जॉन हर्शेल यांच्या ध्यानात आले, आणि तेही नुसत्या डोळ्यांनी. एरवी त्याची प्रत ०.५ च्या आसपास असते.

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे गच्चीवर गेलो, काक्षीकडे पाहिले आणि मनात चरकलो. तारा मंद दिसत होता. थोडाथोडका नव्हे, चांगलाच मंद. आता आकाशात इतकी माणसे लक्ष ठेवून असताना एवढा मोठा तारा अचानक मंदावेल, असे मला वाटले नाही. मला वाटले ते वेगळेच. त्या दिवाळीपासून रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मला कडे दिसू लागले होते. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला दोन दिवे लागत होते. माझ्या वडिलांची शेवटची काही वर्षे जवळजवळ अंधारात गेली. ते चाचपडत तांब्या शोधायचे, तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्यामुळे डोळ्यांचे मी घरात कुणालाच सांगितले नव्हते. अशा माणसाला मंद तारा दिसला म्हणजे तो काय समजणार? म्हटले, झाले, आपले डोळे गेले.

आणि मग मी एक वाईट गोष्ट केली. नोंदवहीत जे दिसले ते लिहिले नाही. दिसत होते ते १.१ किंवा त्याहून कमी तेजाचे. पण पुस्तकात ०.५, मागच्या वर्षीच्या माझ्या नोंदी ०.५, ०.६. मी मधला आकडा काढला आणि ०.७ लिहून वही मिटली. ज्या माणसाने जन्मभर दाबमापकांचे काटे तपासले, ‘काटा दाखवतो तोच आकडा लिही, तुला हवा तो नको’ असे शिकाऊ पोरांना दरडावून सांगितले, त्याने असे तीन रात्री केले!

चौथ्या रात्री जेवण खोळंबले म्हणून आमची मंडळी गच्चीवर आली. “अहो, आमटी तिसऱ्यांदा गरम केली, येताय का खाली?” मला काय सुचले कोण जाणे, मी म्हटले, “येतो, पण आधी एक सांग. तो वरचा तांबडा तारा आणि हा इकडचा तांबडा, यांतला मोठा कोणता?” एक होती रोहिणी, दुसरा काक्षी. तिला दोघांची नावेही ठाऊक नव्हती. तिने मान वर केली, क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “यात विचारायचे काय आहे? तो वरचा मोठा.”

वरचा तारा म्हणजे रोहिणी! तिची प्रत ०.९. एरवी काक्षी तिच्याहून तेजस्वी. मी पुन्हा विचारले, “नक्की?” तशी ती म्हणाली, “माझ्या डोळ्यांना काय झालंय? तुमच्याच डोळ्यांना काही झालंय का? गेले दोन महिने वर्तमानपत्र नाकाला लावून वाचता, मला दिसत नाही असं वाटतं तुम्हांला?”

श्रोतेहो, एका वाक्यात दोन्ही चोऱ्या पकडल्या गेल्या.

त्या रात्री मी वही उघडून बसलो तेव्हा माझी चूक कुठे झाली ते नीट कळले. माझी भीती अगदी खोटी नव्हती, डोळ्यांत मोतीबिंदू होताच. पण मोतीबिंदू काही एकट्या काक्षीला मंद करणार नाही. काच मळकी झाली तर बाहेरची सगळीच झाडे मळकी दिसतात, एकटा पिंपळ नाही. म्हणूनच रूपविकारी तारा कधी एकटा पाहायचा नसतो. ज्यांची प्रत ठाऊक आहे अशा शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायची असते. एक थोडा तेजस्वी घ्यायचा, एक थोडा मंद घ्यायचा, आणि आपला तारा दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचे. डोळा अधू असला तर तो दोघांनाही सारखाच अधू. मी तुलना सोडून दिली होती आणि मनातल्या भीतीशी ताऱ्याची तुलना करीत बसलो होतो. पत्नीच्या मनात ना भीती होती, ना पुस्तकातला आकडा. म्हणून तिला खरे दिसले.

मी जुने तीन आकडे खोडले नाहीत. नोंदवहीत खाडाखोड करू नये, हा शिरस्ता आहे. प्रत्येकापुढे लिहिले, ‘हा आकडा पाहिलेला नाही, मनाचा आहे.’ हे शब्द लिहिताना हात जड झाला. दुसऱ्या रात्रीपासून रोहिणी आणि पुनर्वसूच्या जोडीतला अधिक तेजस्वी तारा यांच्याशी रीतसर तुलना सुरू केली. दोन पथ्ये पाळली. पहिले असे, की क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे मंद दिसतो. म्हणून शक्यतो सारख्या उंचीवरच्या ताऱ्यांशी तुलना करायची. दुसरे, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहायचे नाही. अंधारात तांबडा रंग पाहत राहिले की तो अधिकच उजळ भासू लागतो. झटकन एकाकडे, झटकन दुसऱ्याकडे पाहायचे.

थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांतही बातमी आली. काक्षी खरोखरच मंदावला होता. २०२० च्या फेब्रुवारीत तो १.६ प्रतीपर्यंत उतरला, म्हणजे नेहमीच्या प्रकाशाचा जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग उरला. आता त्याचा स्फोट होणार असे कुणी म्हणू लागले. असे तारे शेवटी स्फोट पावून संपतात हे खरे, पण काक्षीची ती वेळ येत्या लाखभर वर्षांत कधीतरी येईल असा हिशेब आहे. पुढे हबल दुर्बिणीतून आणि चिलीतल्या प्रचंड दुर्बिणींतून झालेल्या निरीक्षणांवरून उलगडा झाला. ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर फेकला होता; त्याच भागाचा पृष्ठभागही थोडा थंडावला होता. तो लोट निवताना त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेच्या आड आली. चुलीवरून धूर उठावा आणि पलीकडच्या माणसाचा अर्धा चेहरा झाकावा, तसे ते झाले.

मौज पुढेच आहे. काक्षी इतका तेजस्वी, की पुष्कळ मोठ्या दुर्बिणींच्या यंत्रांना तो सोसतच नाही. तिथे साध्या डोळ्यांच्या आणि लहान साधनांच्या नोंदी कामी येतात. आणि जपानी संशोधकांनी तर त्यांच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाची चित्रे चाळली. उपग्रह पृथ्वीवरच्या ढगांची चित्रे घेत होता आणि चित्राच्या कडेला काक्षी आपोआप येऊन बसला होता. २०१७ ते २०२१ पर्यंतची त्याच्या तेजाची हकीकत ढगांच्या वहीत लिहिलेली सापडली! ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. नोंद नीट ठेवली म्हणजे कुणाच्या केव्हा उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. काक्षीपासून निघालेला प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे साडेपाचशे ते सातशे वर्षे लागतात. तेव्हा ती धूळ उठली ती ज्ञानेश्वरी लिहून झाल्यानंतरच्या दोन शतकांत केव्हातरी. एवढा प्रवास करून तो प्रकाश आमच्या गच्चीवर आला, आणि मी वहीत खोटा आकडा लिहिला!

डोळ्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, शस्त्रक्रिया लांबली. एप्रिलच्या त्या शांत संध्याकाळी आम्ही दोघे गच्चीवर बसत असू. काक्षी पश्चिमेकडे कलला होता आणि पुन्हा उजळत होता. महिनाअखेरीस तो रोहिणीच्या पुढे गेला, हे आधी तिने सांगितले. मी वहीत तिचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहिला. तो रकाना अजून चालू आहे.

पुढच्या वर्षी एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर मी आधी काय केले असेल? एक डोळा झाकून भिंत पाहिली, मग दुसरा झाकून. नव्या भिंगातून भिंत पांढरीशुभ्र, जुन्या डोळ्यातून चहाच्या रंगाची! इतकी वर्षे मी पिवळ्या काचेतून जग पाहत होतो आणि तेच खरे समजत होतो. हेही तुलनेनेच कळले.

वडिलांना हे मिळाले नाही, याचे वाईट वाटते. त्यांनीही कुणाला सांगितले नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, येत्या थंडीत रात्री नऊच्या सुमारास घराबाहेर या. शहरात दिव्यांचा उजेड असला तरी मृग आणि रोहिणी दिसतात. कागद, पेन्सिल आणि उघडे डोळे, एवढे पुरे. काक्षी आणि रोहिणी यांतला कोण उजळ आहे ते पाहा आणि दिसेल तेच लिहा. शंका आली तर ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाला विचारा. आणि दिव्यांभोवती कडे दिसू लागली असतील तर तारे नंतर पाहा, आधी डॉक्टरांकडे जा.