आक्काचा अंगठा



आज आम्ही तिघी बहिणी मिळून आमच्या आक्काबद्दल बोलणार आहोत. आक्का म्हणजे आमच्या वडिलांची आत्या. नात्यानं आजी, पण घरातली लहानथोर सगळीच तिला आक्का म्हणायची.

जन्मसाल तिला ठाऊक नव्हतं. "गांधीबाबाला गोळी घातली त्या सालात माझं लगीन झालं," एवढंच सांगायची. म्हणजे 1948. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. पाच-सहा वर्षं नांदली. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि आक्का एक गाठोडं घेऊन माहेरी आली, ती कायमची.

आम्हाला आठवते ती ओसरीवर बसलेली. मांडीवर चंची, हातात अडकित्ता. सुपारी कातरता कातरता बोलायची, आणि गोष्ट हमखास बहात्तरच्या दुष्काळाची. आमचा माणदेश तसा नेहमीच तहानलेला, पण 1972 साली विहिरींचा तळ दिसला. जनावरं मिळेल त्या भावाला विकली. गावाशेजारी सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, तिथं आक्का आणि आमची आजी, दोघी नणंद-भावजया, खडी फोडायला जायच्या. घरात लाल मिलोच्या भाकरी. कामावर सुकडी मिळायची, ती आक्का तोंडात न घालता पदराला बांधून आणायची. आमचे वडील सांगायचे, "आम्ही पोरं वाटंवर उभी असायचो. आक्का आली की तिच्या पदराकडं बघायचो, तोंडाकडं न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा.

तो तलाव अजून आहे. पाऊस बरा झाला की आम्ही तिथंच धुणं धुतो.

खडी फोडून, पुढं शेतात राबून आक्काच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. लहानपणी आम्ही तिचा तळहात धरून खेळायचो, दगडासारखा गुळगुळीत लागायचा.

दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी पणजोबा वारले. वारस म्हणून भावाबरोबर तिन्ही बहिणींची नावं लागायला हवी होती, कारण 1956 च्या कायद्यानं बापामागं मुलीलाही हिस्सा ठेवलेला. पण भावानं, म्हणजे आमच्या आजोबांनी, बहिणींना तालुक्याला नेलं आणि हक्कसोड पत्रावर अंगठे घेतले. प्रत्येकीला एक लुगडं. आक्काचा अंगठा नीट उठेना, म्हणून कारकुनानं तीनदा शाई लावून दाबला. हे ती हसत सांगायची, आम्हीही हसायचो. दोघी बहिणींना निदान सासरचं घर होतं. आक्काला तेही नव्हतं. पण त्या वयात आम्हाला ते सुचलं नाही.

आजोबा वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांनी आक्काला कधी उपाशी ठेवलं नाही. पण त्यांच्यामागं तिची खाट ओसरीवरून गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. कुणी तसं ठरवलं नव्हतं, जागा पुरेना म्हणून गेली. तिनं तक्रार केली नाही. ज्या घरात आपलं म्हणून काहीच नाही, तिथं तक्रार कशाच्या जोरावर करायची?

तिच्या शेवटच्या दिवसांत रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. आक्काला आम्ही धरून नेलं. मशीन अंगठा घेईना. पुसला, धुतला, दुसरी बोटं लावली. मागं रांग खोळंबली. तेव्हा आक्का दुकानदाराला म्हणाली, "जमीन सोडायला तीन खेपंत का हुईना, उठला. आता धा किलो गव्हाला उठंना बघ."

रांगेतले हसले. आम्हाला त्या दिवशी हसू आलं नाही.

पुढं दोन वर्षांनी आक्का गेली. गेल्या साली वडील गेले. तेरावं झालं आणि भाऊ कागद घेऊन आला. तेच, हक्कसोड पत्र. "सगळ्याच बहिणी देतात, सही करा," म्हणाला. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. थोरली म्हणाली, "दादा, आता नको." एवढं म्हणायला तिचा घसा कोरडा पडला होता.

2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून, मुलाइतकाच. हे आम्हाला गटाच्या बैठकीत समजलं होतं. हक्कसोड पत्र नोंदणी करून दिलं की सहजी माघारी घेता येत नाही, हेही तिथंच कळलं. तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफार झाला, सातबारावर भावाच्या आणि आईच्या नावाबरोबर आमची तिघींची नावं लागली. शेत अजून भाऊच कसतो. आम्ही वाटून मागितलेलं नाही.

भाऊबीजेला तो आला नाही. आईनं महिनाभर धड बोलणं केलं नाही, ते जास्त लागलं. वहिनी तर तोंड फिरवून जायची. बेंदराला मात्र आम्ही तिघी न बोलावता माहेरी गेलो. पुरण वाटता वाटता वहिनीनं दाराकडं बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "वन्सं, माझ्या माहेरचा सातबारा काढायचा तर गट नंबर कुठनं मिळवायचा?"